धुराचें देणें आणि वनांची ठेव

जो धूर सोडील त्यानें त्याची किंमत मोजावी, हें तत्त्व कोणासहि पटेल. परंतु त्या हिशेबांत झाडांना जागा द्यावी काय, व द्यावयाची तर कोणत्या झाडांना, या प्रश्नावर न्यूझीलंडच्या सरकारनें आपल्या लोकांचें मत वेळोवेळीं मागविलें आहे. त्या वादाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि समजून घ्यावी असें मला वाटतें. कारण आपल्या देशांत २०२३ सालीं कार्बन-क्रेडिटच्या व्यापाराची योजना जाहीर झाली असून २०२५ सालीं तींत तिवरांच्या लागवडीची पद्धति मान्य झाली आहे.

न्यूझीलंडची योजना २००८ सालीं सुरू झाली व तींत पहिला प्रवेश वनांस मिळाला. एक टन कार्बन डायऑक्साइडचा भार ज्याच्या माथीं आहे त्यानें सरकारास एक 'युनिट' द्यावयाचें. उलटपक्षीं, १९८९ नंतर लाविलेल्या वनानें एक टन शोषिला कीं मालकास एक युनिट मिळावयाचें, व तें त्यानें बाजारांत विकावयाचें. देणेकऱ्यानें आपलें सारें देणें वनांच्या युनिटांनींच भागविलें तरी कायद्याची आडकाठी नाहीं. युरोपीय संघानें २००५ सालीं आपली योजना काढली, तेव्हां वनांना तींत घेतलेंच नाहीं.

२०२२ सालीं न्यूझीलंडांत एका युनिटाचा भाव तेथील ८० डॉलरांच्या वर गेला. मग डोंगरावर मेंढ्या चारण्यापेक्षां पाइन लावणें अधिक किफायतशीर ठरलें. हा रेडिएटा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाचा. सुमारें २८ वर्षांत तोडीस येतो. तोटारा, रिमू हीं त्या देशाचीं मूळचीं झाडें शतकानुशतकें जगतात खरीं, पण वाढतात सावकाश, आणि बाजाराला तेवढा धीर कोठला! मेंढ्यांचीं कुरणें गेलीं, त्यांबरोबर गांवचा रोजगार व शाळेंतील मुलेंहि गेलीं, अशी ग्रामस्थांची तक्रार आहे.

मार्च २०२२ मध्यें सरकारनें विचारलें : न तोडतां कायम राखावयाच्या वनांच्या वर्गांतून परदेशी झाडें वगळावीं काय? ऐकतांना हा विचार योग्य वाटतो. पण माओरी जमीनमालकांनीं त्यावर जी हरकत घेतली ती विसरण्यासारखी नाहीं. चांगली जमीन त्यांच्या हातून केव्हांच गेली. उरली ती बहुतेक दूरची, चढाची व हलकी. तिजवर पाइन हें एक उत्पन्न दिसूं लागलें, तों तेंच बंद करण्याची भाषा! त्याच वर्षीं सरकारनें तो बेत मागें घेतला. लोकमत मागविणें म्हणजे निव्वळ देखावा, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

पुढें फेब्रुवारी २०२३ मध्यें गॅब्रिएल वादळ आलें. गिसबोर्न प्रांतांत तोडलेल्या पाइनचे ओंडके पुराबरोबर वाहून आले, पूल मोडले, किनारे भरून गेले. हा कचरा तोडीच्या वनांतला होता, कार्बनसाठीं कायम राखलेल्या वनांतला नव्हे. वादाच्या भरांत पुष्कळजण हा भेद विसरतात. डिसेंबर २०२४ मध्यें, चांगल्या शेतजमिनीवर पाइन लावून ती योजनेंत आणण्यास मर्यादा घालण्याचें सरकारनें जाहीर केलें.

माझें मत असें कीं, वनांस योजनेंत घ्यावें, पण धुराच्या बरोबरीनें तोलूं नये. दगडी कोळसा जाळून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतकें हवेंत राहतो. झाडाला मात्र वणवा, वादळ व कीड यांचें भय. झाडांतील कार्बन ही ठेव आहे, कर्जाची फेड नव्हे. म्हणून धुराचें किती देणें वनांकडून भागवूं द्यावें यास सीमा असावी, आणि सावकाश वाढणाऱ्या मूळच्या झाडांकरितां सरकारनें निराळा पैसा द्यावा. तो न देतां केवळ पाइन बंद करणें म्हणजे कारखान्याचा दंड माओरी कुटुंबाकडून वसूल करणें होय.

आपल्याकडे तिवरांच्या एखाद्या योजनेसंबंधानें 'हरकती व सूचना' मागविल्या गेल्या, तर खाडीकांठच्या पालकांनीं प्रथम हें विचारावें कीं, क्रेडिटाचा पैसा कोणाच्या खातीं जमा होणार, आणि आज तेथें मासे व खेकडे धरणाऱ्यांस उद्यां त्या चिखलांत उतरूं देणार कीं नाहीं.