सायकली मोजल्या, मुलींना विचारलं का?

आमचं गुंद गाव जोयडा तालुक्यातलं, रानाच्या कुशीतलं. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. योजना चांगलीच होती. पण शेजारच्या मुलीची सायकल तिच्या वाट्याला क्वचितच यायची. कॅरिअरवर भाताचं पोतं बांधून तिचा भाऊ गिरणीवर जायचा. ती पहाटे पाणी भरून, गोठा झाडून, चढाची वाट तुडवत शाळा गाठायची. सरकारी कागदावर मात्र ती ‘लाभार्थी’च.

पटावर मुली वाढल्या म्हणजे समता आली, हे मला मान्य नाही. 1980च्या दशकाअखेरीस कर्नाटकातही सुरू झालेल्या ‘महिला समाख्या’ या सरकारी कार्यक्रमाने गावोगावी बायकांचे संघ बांधले, कारण घरात बाईच्या शब्दाला वजन आल्याशिवाय मुलीचं शिक्षण टिकत नाही. योजनेच्या मूल्यमापनाची खरी फूटपट्टी म्हणजे हे वजनच.

तेव्हा अशा योजनांच्या पाहणीला येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हजेरीपट जरूर बघा, पण पडवीतही बसा. सायकल कोण चालवतं, पाणी कोण भरतं, दहावीनंतर कोण घरी बसलं, एवढं विचारा. आणि उत्तर बापाकडून नको, त्या मुलीच्या तोंडून ऐका.