वालाचा मोड: स्वयंपाकघरांतला आणि शेतांतला

गिरगांवांत व दादरास श्रावणांत अनेक घरीं वालाचें बिरडें होतें. गृहिणी वाल भिजवून फडक्यांत बांधते व मोड आल्यावर सोलते. गणंग कोणता व भुंग्यानें पोखरलेला कोणता, हें तिच्या हातास तत्काळ कळतें. एका वेळच्या जेवणासाठीं जी परीक्षा होते, ती सबंध हंगामाच्या बियाण्याची पुष्कळदां होत नाहीं, हें आश्चर्य होय.

लालबाग-परळच्या चाळींतील अनेक कुटुंबांची शेती कोंकणांत आहे. रायगडाकडे भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. ही ओल एकदांच मिळते. बीं वायां गेलें तर दुबार पेरणीसाठीं ती थांबत नाहीं. यास्तव किराणा दुकानांतील खाण्याचा वाल बियाणें म्हणून गांवीं धाडणें मला गैर वाटतें. १९६६ च्या बियाणें कायद्यान्वये अधिसूचित वाणाच्या पिशवीवर उगवणशक्ति लिहावी लागते. किराण्याच्या पुडीवर दाण्याचें वयही नसतें.

वाल उगवतो कसा, हें पाहिल्यास कारण ध्यानांत येईल. पाणी शोषून दाणा फुगतो, साल फाटते आणि प्रथम मूळ निघून खालीं वळतें, तोच मोड. मग मुळावरील देठ कमानीसारखा वांकून माती फोडतो व सरळ होतांना दोन्ही डाळिंब्या वर ओढून आणतो. हरभऱ्याच्या डाळी मात्र मातींतच राहतात. पानें अन्न तयार करूं लागेपर्यंत रोपाची शिदोरी म्हणजे ह्या डाळिंब्याच. भुंग्यानें ती खाल्ली, किंवा बीं फार खोल पडलें, तर मोड येऊनही रोप वर येत नाहीं.

म्हणून फडक्यांतील मोडावर विसंबूं नये. गृहिणीचें काम मोडापाशीं संपतें. शेतकऱ्याचें तेथून सुरू होतें. पेरणीपूर्वीं न निवडतां शंभर दाणे मोजून घ्यावे, शेतांतील मातींत पेरणीइतक्याच खोलीवर लावावे, ओल राखावी आणि आठदहा दिवसांनीं सरळ, निरोगी रोपें मोजावीं. चाळीच्या गॅलरींतील कुंड्यांतही हें साधतें. ऐशीं रोपें आलीं तर शंभर रोपांसाठीं सव्वाशें दाणे धरावे. निम्मीच आलीं तर बियाणें बदलावें. गणंग मेलेला नसतो, त्याच्या सालींतून पाणी आंत शिरत नाहीं इतकेंच. परंतु तो उगवेल तेव्हां ओल गेलेली असेल, म्हणून तोही वजाच धरावा.

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली कारकुनींत गेली. पीकपाहणींत पेऱ्याचें क्षेत्र लिहितात. उगवलें किती, याचा रकाना तेथें नाहीं. सरकार तो केव्हां घालील तेव्हां घालो, शेतकरी बंधूंनीं आपल्या वहींत तो आजच आंखून घ्यावा.