दोघांची जमीन नकाशावर कोरी

कळफलक / सूत्रधार

वाटूर फाट्यावर चहाला थांबलात, तर मोबाइलवर महाभूनकाशा उघडून ‘आमचा गट पार इथवर येतो’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. संगणकाच्या लेखी तो गट म्हणजे एक बहुभुज, कोपऱ्यांच्या आकड्यांची यादी. असा नकाशा स्वतः रंगवायला बसलेल्या पोरांसाठी आजचा मजकूर.

समजा, एकाच खातेदाराचे दोन तुकडे आहेत, ओढ्याच्या अल्याड एक, पल्याड एक. नवशिका दोन्हींचे कोपरे एकाच यादीत भरून क्यूटी या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या ‘ड्रॉपॉलिगॉन’कडे देतो. पहिल्या तुकड्याच्या शेवटच्या कोपऱ्यापासून दुसऱ्याच्या पहिल्या कोपऱ्याकडे रेघ धावते आणि तिसऱ्याच्याच रानावर रंगाची पाचर बसते. मध्ये पेन उचलायचं, हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘क्यूपेंटरपाथ’मध्ये ‘ॲडपॉलिगॉन’ने एकेक तुकडा टाकला की तो सुटा राहतो. खोच एवढीच, की तो मिटलेला नसतो. रंग पूर्ण भरतो, पण धुऱ्याची शेवटची बाजू उघडी राहते. पहिला कोपरा यादीच्या शेवटी पुन्हा लिहावा.

खरी गंमत शेजाऱ्यांची. दोन गट एकाच पाथमध्ये टाकले आणि मोजणीच्या घोळात ते चार हात एकमेकांवर चढले, तर तेवढी पट्टी कोरी! क्यूटीचा मूळ नियम सम-विषमाचा. त्या ठिकाणाहून बाहेर सरळ रेघ न्यायची आणि ओलांडलेल्या कडा मोजायच्या. विषम भरल्या तर जागा आतली, सम भरल्या तर बाहेरची. पट्टीतून निघताना दोन्ही गटांची एकेक कड ओलांडली जाते. दोघं हक्क सांगतात ती जमीन कुणाचीच नाही! गटातली विहीर मोकळी दाखवायला हाच नियम कामी येतो. कैरो या दुसऱ्या चित्रण-लायब्ररीत मूळ नियम वळणाचा. दोन्ही गटांचे कोपरे एकाच दिशेनं लिहिले असतील तर पट्टी रंगते, पण विहिरीचे उलट्या दिशेनं लिहावे लागतात, नाहीतर ती बुजते.

माझं मत स्पष्ट आहे. गट एका पाथमध्ये कोंबू नयेत. प्रत्येकाला स्वतंत्र ‘क्यूग्राफिक्सपॉलिगॉनआयटम’ करावं, म्हणजे बोट ठेवलं की नेमका तोच गट कळतो. पण अपारदर्शक रंग दिला तर नंतर काढलेला आधीच्याला झाकतो, म्हणजे यादीत खाली असणारा फुकटात जिंकतो. म्हणून रंगाचा अल्फा 255 न ठेवता 120च्या आसपास ठेवा. चढलेली पट्टी आपोआप गडद दिसेल. (टीकेइंटरच्या कॅनव्हासवर बहुभुजाला ही सोय नाही.) एवढ्यानं वेग मंदावेल म्हणणाऱ्यांनी एका गावाचे गट काढून बघावेत. काही शे बहुभुजांनी आजच्या यंत्राला घाम फुटत नाही.

गडद पट्टी दिसली म्हणजे अतिक्रमण सिद्ध झालं असं नाही. कागदी नकाशावरून आकडे उतरवतानाही कोपरे सरकतात. तिथं मोजणीचा अर्ज टाकायचा की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. कडा गुळगुळीत केल्यावर दोन गटांमध्ये उरणाऱ्या केसाएवढ्या फटीचं पुढच्या आठवड्यात.