आम्ही नाकारलेली मुले

अनाथालयातले एखादे मूल घेऊन परदेशी जोडपे विमानात बसले, की आपल्याकडे हळहळीला पूर येतो. वर्तमानपत्रात गोऱ्या बाईच्या कडेवरच्या सावळ्या पोराचे छायाचित्र छापून येते आणि वाळपईच्या बाजारापासून दोडामार्गाच्या नाक्यापर्यंत एकच सूर लागतो : आमची मुले हे लोक घेऊन चालले, सरकार झोपले आहे काय? हा प्रकार कायद्यानेच बंद करावा, असेही काही जण तावातावाने सांगतात. मला हा सूर ढोंगी वाटतो. तो लावणारे आपणच आहोत, घरात कोकणी किंवा कानडी बोलून मराठी वाचणारे, दिवाळी अंक विकत घेणारे, म्हणून ते याच पानांवर लिहिले पाहिजे.

आधी वस्तुस्थिती पाहू. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा बाजार चालतो, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली पत्राने सर्वोच्च न्यायालयाकडे केली. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये न्या. भगवती यांनी निकाल दिला. मुलाला आधी देशातच आईबाप शोधा, ते मिळाले नाहीत तरच परदेशाकडे पाहा, हा त्या निकालाचा गाभा. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय दत्तक यंत्रणा निघाली, २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ‘कारा’ला कायद्याचे बळ मिळाले. नियम बदलले, मुदती बदलल्या. ‘आधी देशातले’ हे सूत्र मात्र टिकले.

याचा सरळ अर्थ आपण लावत नाही. परक्या जोडप्याबरोबर विमानात बसणारे मूल त्याआधी आपल्याला देऊ केलेले असते आणि आपण ‘नको’ म्हटलेले असते! २०२२-२३ मध्ये देशात ३०१० मुले दत्तक गेली, देशाबाहेर ४३१. या ४३१ मध्ये अनिवासी भारतीयांनी नेलेलीही आली. बाहेर जाणाऱ्यांत मोठा भरणा कोणाचा? कानाने अधू, हृदयाला छिद्र असलेले, पायाने लंगडे, किंवा नुसतेच सहा-सात वर्षांचे झालेले मूल. नाहीतर एकमेकांचा हात न सोडणारी दोन भावंडे. इकडे २०२३ मध्ये ‘कारा’च्या यादीत तीस हजारांहून अधिक इच्छुक आईबाप होते आणि दत्तक देण्यास मोकळी मुले दोन हजारांच्या आसपास. मुले कमी आणि आईबाप जास्त, तरी काही मुले उरतातच. कारण आपल्याला दोन वर्षांच्या आतले, निरोगी आणि शक्य तर उजळ मूल हवे असते. रांग लांबलचक, पण ती एकाच खिडकीसमोर.

आमच्या सत्तरीत याचे कारण विचारले तर उत्तर तयार असते : ‘कोणाचें रगत, कोणाक खबर!’ या रक्ताच्या वेडाचा इतिहास जुना आहे. दत्तक म्हटले की आपल्याला गादी आठवते. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याचा सयाजीराव झाला, कागलचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरचा शाहू झाला. दोन्ही गोष्टींचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण तिथे गादीला वारस हवा होता आणि तो मुलगाच निवडला गेला. मुलाला घर हवे म्हणून केलेले ते दत्तक नव्हते. गोव्यात तर पोर्तुगीजांनी हिंदूंच्या रूढी लेखी करताना १८८० च्या फर्मानात पंचविशीपर्यंत मूल न झालेल्या बाईच्या नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती. परके मूल घरात आणण्यापेक्षा दुसरी बायको आणणे आपल्याला सोयीचे वाटत होते, हे त्या कागदावरून दिसते.

परदेशी दत्तकाविषयीचा संशय निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. मडगावात ‘गुरुकुल’ नावाने मुलांचे घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्या प्रकरणाचा दत्तकाशी संबंध नव्हता, पण गोरा माणूस आणि अनाथ मूल एकत्र दिसले की गोमंतकीयाच्या पोटात गोळा येतो तो तेव्हापासून. पुण्याच्या ‘प्रीत मंदिर’वर दत्तक देताना पैसे उकळल्याचे आरोप झाले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने २०१० मध्ये गुन्हा नोंदवला. मग इलाज काय? चोराच्या भीतीने विहीर बुजवायची, की तिला कठडा बांधायचा? कठडा आहे. पण त्यावरून उडी मारायला सर्वात उतावीळ कोण, तर पुन्हा आपणच.

एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. माहेर-सासर दोन्ही वाळपईच्या पंचक्रोशीतले. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेले, कारखान्यात पाळीने काम करणारे, लग्नाला बारा वर्षे, मूल नाही. हे दोघे घरी कोकणी बोलतात, चतुर्थीला न चुकता येतात. पण भारताचे नागरिकत्व सुटले, राहणे तिकडचे, म्हणून दत्तकासाठी त्यांची गणना बाहेरच्यांत. तिथल्या मान्य संस्थेकडे नोंदणी, घराची नि मिळकतीची पाहणी, डॉक्टरांचे आणि पोलिसांचे दाखले, ‘कारा’कडे अर्ज, मग वाट पाहणे. मुलाची निवड झाली तरी दोन्ही देशांची संमती, ना-हरकत पत्र, आदेश, मुलाचा पासपोर्ट, व्हिसा. आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे अहवाल.

गणपतीला आलेल्या या जोडप्याला आत्या-मावशा काय सांगतात? ‘एवढे कागद कशाला? भावाचे धाकटे लिहून घ्या.’ त्याहून हुशार एखादा कानात सांगतो, अमक्या इस्पितळात एक नर्स आहे, काम होऊन जाईल. परदेशी लोकांनी मुले नेली म्हणून गळा काढणारी जीभ हीच! भावाच्या मुलाचीही वाट सोपी नाही. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा बेळगाव-सावंतवाडीत चालतो. चोर्ला घाट उतरला की गोव्यात तो लागू नाही. आणि मूल परदेशी न्यायचे तर कुठेही नुसत्या दत्तकपत्राने भागत नाही, ‘कारा’चे ना-हरकत लागतेच. नर्सची वाट तर थेट तुरुंगाची : मूल विकल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, इस्पितळातलाच माणूस गुंतला असेल तर तीन ते सात वर्षे.

त्या कागदांचा ज्यांना जाच वाटतो त्यांनी एक कागद नीट वाचावा. मूल सोडून देणाऱ्या आईला विचार बदलायला कायद्याने ६० दिवस दिले आहेत. ती बहुधा गरीब असते, बहुधा एकटी, आणि त्या सबंध व्यवहारात तिच्या बाजूने उभा असलेला तोच एक कागद असतो. नर्सकडून आणलेल्या मुलाच्या आईला हे ६० दिवस कोणी दिलेले नसतात. ती कुठल्या वाड्यावरची, कोणी तिला गप्प केले, हे पुढे त्या मुलाने विचारले तर सांगायला कोणी उरत नाही. परदेशी वाढलेली भारतीय मुले मोठी होऊन पुण्या-मुंबईच्या संस्थांत आपल्या आईचे नाव शोधत आली आहेत. कागद असेल तर निदान शोधता तरी येते.

सरकारवर माझा राग वेगळा आहे. छाननी हवीच, पण टेबलावर पडून राहिलेली फाईल म्हणजे छाननी नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्याने द्यायचा ठरले, ते वेळ वाचावा म्हणून. दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर जमिनीची, निवडणुकीची, पुराची कामे आधीच असतात. वर्ष सरते, आणि सहाचे मूल सातचे झाले की त्याला मागणारी घरे आणखी कमी होतात.

नोंदणीच्या अर्जात मुलाचे वय कोणते चालेल आणि विशेष गरजा असलेले मूल चालेल का, हे इच्छुकाने स्वतः भरायचे असते. पुढच्या वेळी वाळपईच्या बाजारात कोणी परदेशी जोडप्याच्या नावाने बोटे मोडू लागला, तर त्याला एवढेच विचारा, की त्याच्या घरात, भावकीत, वाड्यावर त्या रकान्यात ‘होय’ लिहिणारा एक तरी निघाला का?