डाव्या कोपऱ्यातलं बटण

मॅक घेतल्यावर आठवड्याभरात मित्राचा फोन आला. "अरे, सगळं बंद करतो, तरी हे चालूच!" विंडोजवर उजवीकडची फुली दाबली की प्रोग्रॅम बहुतेक वेळा संपतो. मॅकवर डावीकडचं लाल बटण दाबलं, तर जाते ती नुसती खिडकी. डॉकमधल्या चित्राखाली बारीक ठिपका दिसत राहतो, म्हणजे प्रोग्रॅम चालू आहे. मित्राच्या मते ही मॅकची खोट. मॅकवरच शिकलेल्या त्याच्या मुलीला मात्र यात काही वावगं वाटत नाही.

'सोपं' म्हणतो त्यातलं निम्मं तरी असं सवयीचं असतं. पण सगळंच सवयीवर ढकलून चालणार नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं, की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ. मॅकचा मेन्यू १९८४ पासून पडद्याच्या वरच्या कडेला चिकटलेला आहे. माउस बिनधास्त वर भिरकवा, बाण कडेला अडतो, नेम धरावा लागत नाही. खिडकीच्या आत असलेल्या मेन्यूला ही सवलत नाही. अर्थात मोठ्या पडद्यावर खाली कोपऱ्यात छोटी खिडकी उघडी असली, की हाच मेन्यू कोसभर लांब वाटतो. विंडोज ९५ ची गंमत अशी, की स्टार्ट बटण दिलं कोपऱ्यात, पण त्याच्याभोवती बारीकशी पट्टी मोकळी सोडली. बाण अगदी टोकाला नेऊन क्लिक केलं तर काहीच होत नसे!

माझा खरा राग आहे तो सामान हलवण्यावर. २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते स्टार्ट बटणच काढलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये परत आणलं. विंडोज ११ ने ते मधोमध नेलं. डावीकडे आणायला सेटिंग्ज धुंडाळा. लिनक्सवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? नोम हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप; २०११ च्या नोम ३ मध्ये खालची पट्टी गेली, खिडकी लहान करायचं बटण गेलं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे वळले. पण हा पर्याय त्यांना होता, हेही लिनक्सचंच देणं. कीबोर्डवर हात बसलेल्यांना नोम आवडतोही: एक कळ दाबा, नावाची दोन अक्षरं टाइप करा, प्रोग्रॅम हजर.

मराठी टायपिंगपुरता वाद नाही. इनस्क्रिप्ट हा कळफलक तिन्हीकडे आहे आणि 'क' तिन्हीकडे के वरच.

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता काय घ्यायचं हा प्रश्न घरोघरी आलाच आहे. पत्रं लिहिणं, बँकेचं काम आणि यूट्यूब एवढंच असेल, तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती टाकावी असं माझं मत. मेन्यू खाली डावीकडे, फुली उजवीकडे, वडिलांना फारसं काही नव्याने शिकवावं लागत नाही. दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल, तर मात्र मुकाट्याने विंडोज घ्यावं.