काळ्या पाषाणातला प्राणवायू

वाशीम जिल्ह्यात विहीर खणताना काही हात खाली गेले की काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले, त्याचाच हा भाग. या बेसाल्टच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा ऑक्सिजनचा असतो. मात्र तो सिलिकॉन, लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम यांच्याशी घट्ट बांधलेला असल्याने श्वासाच्या कामी येत नाही. चंद्रावरच्या मातीचीही हीच स्थिती आहे. तेथे हवा नाही, पण मातीत वजनाच्या ४० ते ४५ टक्के ऑक्सिजन आहे. हा बांधलेला प्राणवायू विजेच्या साह्याने मोकळा करण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेबाहेर पडण्याच्या बेतात असून, या शर्यतीत भारत कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

वाशीमच्या पश्चिम सीमेपलीकडे, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेल्या विवरांपैकी पृथ्वीवर उत्तम स्थितीत टिकून राहिलेले असे हे दुर्मिळ विवर. चंद्राच्या अभ्यासकांना ते १९७० च्या दशकापासून खुणावत आले, कारण चंद्रावरचे काळसर डागही बेसाल्टचेच आहेत. अर्थात साम्याला मर्यादा आहे. पृथ्वीवरचा खडक पाण्याने आणि हवेने बदललेला असतो, तर चंद्रावरची माती पूर्णपणे कोरडी असते.

वीज करते काय?

वितळलेल्या धातुसंयुगातून वीज खेळवली की धातू ऋणाग्राकडे जमतो आणि ऑक्सिजन धनाग्राकडे सुटतो. हेच विद्युत अपघटन. जगातले अ‍ॅल्युमिनियम १८८६ पासून याच मार्गाने तयार होते. परंतु कारखान्यातील धनाग्र कार्बनचे असते. सुटलेला ऑक्सिजन त्या कार्बनलाच खातो आणि हाती येतो तो कार्बन डायऑक्साइड. चंद्रावर कार्बन जवळपास नाही आणि ऑक्सिजन तर शुद्धच हवा. म्हणून न झिजणारे धनाग्र, ही या संशोधनाची खरी गाठ आहे.

ती सोडविण्याचे दोन मार्ग पुढे आले आहेत. पहिल्यात माती सुमारे १६०० अंश सेल्सिअसला वितळवून थेट वीज सोडतात. इरिडियमचे धनाग्र येथे टिकते, पण ते अतिशय महाग असते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये क्रोमियम व लोहाच्या मिश्रधातूचा स्वस्त पर्याय दाखवला. 'ब्लू ओरिजिन' या कंपनीने कृत्रिम चांद्रमातीपासून याच मार्गाने सौरघट बनविल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. दुसरा मार्ग केंब्रिज विद्यापीठातला. त्यात माती न वितळवता ती सुमारे ९५० अंशांच्या कॅल्शियम क्लोराइडच्या द्रवात बुडवतात. ग्लासगो विद्यापीठ व युरोपीय अंतराळ संस्थेच्या संशोधकांनी या पद्धतीने कृत्रिम मातीतला ९६ टक्के ऑक्सिजन काढला, पण त्यासाठी ५० तास लागले. मागे राहिली ती मिश्रधातूंची भुकटी.

खर्चाचा अंदाज पृथ्वीवरच्या हिशोबातून येतो. एक किलो अ‍ॅल्युमिनियम बनविण्यास १३ ते १५ युनिट वीज लागते आणि त्यात सुमारे ०.९ किलो ऑक्सिजन वेगळा होतो. एका माणसाला दिवसाला जवळपास तेवढाच लागतो. म्हणजे श्वासापुरती सोय अशक्य नाही. खरी मागणी आहे ती अग्निबाणांची. हायड्रोजनवर चालणाऱ्या अग्निबाणातही इंधनभाराचा सुमारे सहा-सप्तमांश भाग ऑक्सिजनचा असतो. तो टनांनी काढायचा तर चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या रात्रीतही वीज हवी.

भारतापुढचा प्रश्न

'चांद्रयान-३' २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. 'प्रज्ञान' गाडीने तेथील मातीत ऑक्सिजनसह अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियम नोंदवले. ही माती बेसाल्टची नसून अ‍ॅनॉर्थोसाइट जातीची, म्हणजे कॅल्शियम व अ‍ॅल्युमिनियमने समृद्ध आणि लोहाने गरीब आहे. लोहापासून ऑक्सिजन सुटणे सोपे, अ‍ॅल्युमिनियम व कॅल्शियमपासून अवघड. त्यामुळे ध्रुवाजवळ बर्फाचे पाणी मिळण्याची आशा असली, तरी तेथील माती हट्टी आहे. काळसर प्रदेशात नेमके उलट. 'इस्रो'ने तामिळनाडूतील सितमपुंडीच्या दगडापासून ध्रुवीय मातीची नक्कल तयार केली आहे. बेसाल्टच्या नकलेसाठी दख्खनचा दगड हाताशी आहे. त्यासाठी २०२० पासून रामसर यादीत असलेल्या लोणारला धक्का लावण्याचे कारण नाही. विदर्भातल्या खडी क्रशरची भुकटी सुरुवातीला पुरेशी ठरावी.

उणीव दगडाची नाही, धातुशास्त्राची आहे. कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्रात केंब्रिज पद्धतीवर काम झाले आहे, कराईकुडीत विद्युत-रसायनाची राष्ट्रीय संस्था आहे. हे ज्ञान चंद्रमोहिमेशी जोडायला हवे. 'चांद्रयान-४' ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तिचे काम माती आणणे. भारतीयाला चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट २०४० चे. १९६७ च्या करारानुसार चंद्रावर कोणा देशाची मालकी नाही. मात्र भारताने जून २०२३ मध्ये स्वाक्षरी केलेल्या 'आर्टेमिस' करारानुसार तेथील साधने काढणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे. मग लाभ कोणाचा? ज्याच्याकडे काढण्याची पद्धत, त्याचा.

केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या वाशीममध्ये, सोयाबीनच्या भावाची चिंता असणाऱ्यांनी हा खर्च कशासाठी, असे विचारले तर ते गैर नाही. त्याचे उत्तर चंद्रावर नाही, पृथ्वीवर आहे. न झिजणारे धनाग्र साधले तर अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद धुराविना बनू शकेल. ती पद्धत परदेशातून विकत घ्यायची की येथे घडवायची, हे २०४० मध्ये नव्हे, आजच्या संशोधनाच्या अंदाजपत्रकात ठरणार आहे.