आपला संघ, आपले प्रेक्षक

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. ते ज्या अ‍ॅन आर्बर गावात आहे, त्याची लोकवस्तीच सव्वा लाखाच्या आसपास! हे विद्यापीठ ‘बिग टेन’ गटात खेळते. २०११ पासून त्या गटाचा स्वतंत्र अंतिम सामना होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार आपली भिवंडी सात लाखांची. पण आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना असला, तर आपल्यापैकी किती जण जातात? बोटांवर मोजण्याइतके. ‘लांब आहे, तास बुडतील’ ही सबब ठरलेली. कबड्डीला प्रचंड स्टेडियम लागत नाही. १३ मीटर लांब, १० मीटर रुंद मैदान पुरते. उणीव आहे ती प्रेक्षकांची.

आपल्या संघातील काही मुले यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी सरावाला येतात. त्यांच्यापैकी एखादा चढाईला निघाला, की पाठीमागून आपल्या माणसांचा आवाज त्याला ऐकू येऊ नये काय? बुडालेले तास दुसऱ्या दिवशी भरून काढता येतील. म्हणून अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारचे वर्ग बंद ठेवावेत आणि प्राध्यापकांनीही आमच्याबरोबर एस.टी.ने मैदानावर यावे, अशी माझी नम्र सूचना आहे.